डावा साडेसात, उजवा सहा

३ जानेवारी

ताई,

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तुझा पत्ता मी आपल्या कापडाच्या ठोक दुकानदाराकडून काढला. तो द्यायला तयार नव्हता. धाकटीला सांगायचं नाही, असा त्याने तुला शब्द दिला होता म्हणे. मी त्याच्या गादीवर दोन तास ठाण मांडून बसले, तेव्हा कंटाळून दिला. त्याला बोल लावू नकोस.

अकरा वर्षांनी पत्र आलं म्हणून कुणी गेलं की काय असं समजू नकोस. सगळे आहेत. दुकान आहे. डॉक्टरांचे पांढरे कोट आणि शाळेचे गणवेश, तेच चालू आहे. तुझ्या जागी कटिंगच्या टेबलाशी आता मी उभी राहते. इस्त्रीवाले काका अजून त्याच कोपऱ्यात आहेत आणि अजून तेवढेच बोलतात. माझी लेक, तू गेलीस तेव्हा नऊ वर्षांची होती, आता वीस झाली. काज-बटणाला हाताशी असते, म्हणजे मनात आलं तर असते. चार महिन्यांपूर्वी तिला मोठा ताप येऊन गेला. ताप गेला, पण बाईसाहेब अजून दहाला उठतात. तरण्या वयात ही तऱ्हा. मी ऐकवते रोज.

पत्राचं कारण वेगळंच आहे. फरशी उखडली म्हणून कटिंगचं टेबल सरकवलं, तर मागे भिंतीला टेकून जुनी मापाची वही सापडली. शेवटची पन्नासेक पानं तुझ्या अक्षरात. अकरा जानेवारीच्या पानाला टाचणी टोचलेली. वर गिऱ्हाइकाच्या नावाची जागा कोरी. नाव न घालता माप कोण लिहितं? ज्याचं स्वतःचं असतं तोच. म्हणजे हे माप तुझं.

तू कायम चौथा भाग लिहायचीस, आठवतं? बाकीचे शिंपी छाती चौतीस लिहितात, तू साडेआठ लिहायचीस. कापडाची चौघडी घातली की तेवढंच लागतं, उगाच भागाकार कशाला, म्हणायचीस. या पानावरचे छोटे आकडे म्हणजे तोच चौथा भाग, मी बरोबर ओळखलं. गोदामात राखाडी लोकरीचं कापड पडून आहे. तुला कोट शिवून पाठवते. न सांगता पाठवला तर परत करशील, म्हणून आधी सांगते.

जे झालं ते झालं. दोघीही बोलायला नको ते बोललो. मी ठणठणीत आहे. अंग थोडं दुखतं, ते या धंद्यात कुणाचं दुखत नाही?

तुझी,
बटण

११ जानेवारी

ताई,

तुझा कोट झाला आणि तो तुला पाठवता येणार नाही.

मापं लिहिताना तुझं चित्त कुठे होतं गं? डावा खांदा साडेसात, उजवा सहा. डाव्या बाहीचा मुंढा नऊ, उजव्या बाहीचा सात. कंबर आठ, मान तीन. गळ्याला तू मान लिहिलंस, तिथेच मला थांबायला हवं होतं. पण म्हटलं, तुझा एक खांदा उतरलेला असेल, आपण कधी नीट बघितलं नसेल. वाकड्या अंगाचं गिऱ्हाईक काय नवीन आहे? डावी-उजवी बाजू वेगळी बेतली. दोन दिवस खपून शिवला. तयार झाला तेव्हा हँगरवर असा लोंबला की बुजगावण्यानेही अंगाला लावला नसता. लेक हसून हसून खाली बसली. म्हणाली, "आई, हा कुणाचा? दोन अर्ध्या-अर्ध्या माणसांचा?"

आज सकाळी दुकानात फार गारठा होता. काकांची गंमत करावी म्हणून मी तो कोट अंगात घातला.

ताई, तो मला बसला. नुसता बसला नाही. तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या अंगावर कपडे चढवून बघतेय, कुठे ओढ येते, कुठे चुणी पडते, ते डोळे मिटून सांगते. या कोटाला कुठेच ओढ नव्हती. डावी बाही खांद्यावर अशी आली की जणू ती तिथेच वाढली होती. मी आरशासमोर गेले. आरशातल्या बाईचं अंग सरळ दिसत होतं आणि कोटही सरळ दिसत होता.

काकांनी इस्त्री उभी केली. म्हणाले, "बाई, हा तुमच्याच मापाचा केलाय की."

"छे, ताईच्या मापाचा," मी म्हटलं.

"मग ताईंनी तुमचं माप कधी घेतलं?"

मी टेप घेऊन स्वतःचं माप घेतलं. डावा साडेसात, उजवा सहा. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला मोजलं, आणि मी वाकडी निघाले.

मला राग आलाय. कुणावर ते ठरत नाही, म्हणून तुझ्यावर.

बटण

२० जानेवारी

ताई,

पहिल्या पत्रात मी थोडं खोटं लिहिलं. मी ठणठणीत नाही. गेल्या सप्टेंबरपासून नाही.

सकाळी उठते तेव्हा रात्रभर कुणी माझ्याकडून पोती वाहून घेतल्यासारखी उठते. जिना चढून आले की कात्री उचलवत नाही. दुखणं आज डाव्या खांद्यात, उद्या कमरेत, जणू भाड्याने खोली बघत हिंडतंय. रक्त तपासलं, फोटो काढले, मशीनमध्ये आडवी झाले. सगळं नॉर्मल. ते रिपोर्ट हातात घेऊन मी दवाखान्याच्या पायरीवर बसले होते आणि मला तुझी फाईल आठवली. तीही अशीच जाड होती. त्यातही सगळं नॉर्मल होतं.

आपल्याकडून कोट शिवून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे आज गेले होते. भली बाई आहे. म्हणाली, रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणजे दुखत नाही असं नाही. मग खूप विचारलं. झोप कशी लागते? एखादा ताप येऊन गेला आणि मग उठताच आलं नाही, असं झालं का? किती वर्षं एका बाजूला वाकून शिवता? लहानपण कसं गेलं? मनात काही धरून ठेवलंय का? म्हणाली, याचं एकच कारण सापडत नाही, अशा बऱ्याच गोष्टी एकमेकींना चिकटून येतात. शेवटी विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का?

मी नाही म्हणाले. ताई, मी चटकन नाही म्हणाले.

मग ती म्हणाली, "कुठे किती दुखतं ते आकड्यात सांगा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही."

मी म्हटलं, "डावा खांदा आठ, उजवा साडेसहा, कंबर नऊ, मान पाच."

ती हसली. "साडेसहा? लोक पूर्ण आकडे सांगतात."

"शिंपीण आहे मी," मी म्हटलं आणि मीही हसले. मग हसता हसता मला वही आठवली.

घरी येऊन चपला न काढता वही उघडली. वीस जानेवारीचं पान. डावा खांदा आठ, उजवा साडेसहा. कंबर नऊ. मान पाच.

मग सगळी पानं उलटली. अकरा जानेवारीपासून रोज एक. रोज कोण माप देतं? मी किती मठ्ठ! ही मापं नव्हतीच कधी. हे तुझं दुखणं होतं. तू आमच्या नाकासमोर मापाच्या वहीत लिहीत होतीस, आणि मी त्याचा कोट शिवला.

बटण

३ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. मी तुझ्या जागी असते तर पत्र न फोडताच परत केलं असतं. माझी पत्रं परत येत नाहीत, यावर मी दिवस काढतेय.

तुला वाटेल मी वही वाचते आणि मग मला तसंच दुखतं. मलाही तेच वाटलं. म्हणून वही काकांच्या पेटीत ठेवली, किल्ली त्यांच्या कमरेला. सकाळी आल्या आल्या मी कटिंगच्या टेबलावर खडूने माझे आकडे लिहिते. मग काका पेटी उघडून त्या तारखेचं पान वाचतात.

पहिल्या दिवशी जुळलं तेव्हा काका म्हणाले, "लागली लॉटरी." दुसऱ्या दिवशी जुळलं तेव्हा त्यांनी पानावरची तारीख पुन्हा तपासली. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम खोटा आकडा लिहिला, मान दोन. काकांनी पान पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "बाई, मान दोन नाही. सात आहे ना?" सातच होती. चौथ्या दिवशी त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "मी कपड्यांच्या सुरकुत्या काढतो. हे मला जमणार नाही." किल्ली मी त्यांनाच परत दिली. वही जवळ ठेवायची माझी छाती होत नाही.

आता ते लिहिते जे एक महिना लिहायचं टाळतेय. दोघीही बोललो, असं मी पहिल्या पत्रात लिहिलं. तू काहीच बोलली नव्हतीस. तू कटिंग सोडून स्टुलावर बसली होतीस, दुकानात चार गिऱ्हाइकं होती, गणवेशाची घाई होती आणि मी म्हटलं, "आई गेल्यापासून हिने आजारपणाचं सोंग घेतलंय. हिला काही झालेलं नाही, हिला काम नको." तू कात्री टेबलावर ठेवलीस, टोक भिंतीकडे करून, आई ठेवायला शिकवायची तशी. आणि गेलीस.

माझ्या जिभेला हाड नाही, असं सगळे कौतुकाने म्हणतात. मीही कौतुकाने ऐकत आले. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे. मी आता गेलेय, ताई. मला कळलं. मला फार लाज वाटते.

लेक अजून दहाला उठते. काल तिला मी काही बोलले नाही.

बटण

१८ फेब्रुवारी

ताई,

आज मी पानं मोजली. नऊ उरलीत.

शेवटचं पान सत्तावीस फेब्रुवारीचं आहे. त्यानंतरची वही कोरी. आधी मला वाटलं, अठ्ठावीसला आई गेली म्हणून तू लिहिणं थांबवलंस. त्या दिवशी कोण आकडे लिहील? ती मशीनवर बसल्या बसल्या गेली, एक बाही अर्धी शिवून. मी काउंटरवर होते. मशीनचा आवाज थांबला म्हणून वळून पाहिलं.

पण आता हे आकडे माझ्या अंगावर येताहेत आणि त्यांच्यापुढे पान नाही. सत्तावीसच्या पानावर सगळीकडे साडेनऊ आहे. पुढे काय होतं? मला तेवढंच सांग. तू जिवंत आहेस, ठोक दुकानदार सांगतो तू तिकडे शिवणकाम शिकवतेस, म्हणजे पुढे काहीतरी असणार. आकडा वाढतो की उतरतो? माफ करू नकोस. भेटायला येऊ नकोस. नुसता अठ्ठावीसचा आकडा कळव.

डॉक्टरीणबाईंना मी शेवटी वहीबद्दल सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही हे कधीतरी ऐकलं असेल. मन विसरतं, अंग धरून ठेवतं." मी कुठे ऐकणार? तू कधी चकार शब्द काढला नाहीस.

आणि आई! तिच्यासमोर दुखतं म्हणायची सोय होती का? "दुखणं बोलून दाखवलं की ते घर करतं." तापातही आपल्याला ती तेच सांगायची. साठी उलटली तरी कधी 'हुश्श' करून बसली नाही. मी तिच्यावर गेले, असं मी अभिमानाने सांगायची.

बटण

२६ फेब्रुवारी

ताई,

उद्या शेवटचं पान.

लेकीला सांगितलं, गणवेशाच्या ऑर्डरी कुठे आहेत, कुणाचं काय द्यायचं बाकी आहे. ती म्हणाली, "आई, कुठे चाललीस का?" मी म्हटलं, "माणसाने आवरून ठेवावं." ती जिन्यावर बसली, मधल्याच पायरीवर, वर जायला निघालेली असताना. मी विचारलं नाही का बसलीस. मी भित्री आहे, ताई. बोलण्यातच काय ती शूर.

पाचावर धारण बसली आहे. आज लिहवत नाही.

बटण

४ मार्च

ताई,

तुझं पत्र एक तारखेला आलं. पाकिटावरचं अक्षर पाहूनच काकांनी इस्त्री बंद केली आणि मला खुर्ची दिली. तूच लिहिलेलं पुन्हा तुला लिहून दाखवते, कारण मला ते हाताने लिहून बघायचंय.

"बटण, ते आकडे माझे नाहीत. आईचे आहेत. दुखणं दुखणं म्हणून सांगायची तिला लाज वाटायची. शेवटचे दीड महिने ती सकाळी मशीनवर बसताना गिऱ्हाइकाचं माप सांगावं तसं सांगायची आणि मी लिहायचे. तुला कळू द्यायचं नाही, ही तिची अट होती. पुढच्या वर्षी त्याच तारखांना तेच आकडे माझ्या अंगावर आले. सत्तावीसला मी दाराची कडी काढून ठेवली, सकाळी कुणाला दार फोडावं लागू नये म्हणून. अठ्ठावीसला दूधवाल्याने हाक मारली आणि मी उठले. डावा सात होता. तुझाही तेवढाच येईल. त्यानंतर कमी-जास्त होतं, जात नाही, पण जगता येतं. आकडे सांगून झाले की आईला दुपारी झोप लागायची. मला सांगायला कुणी नव्हतं."

ताई, मी ऐकलं होतं. डॉक्टरीणबाई बरोबर होत्या. मी काउंटरवर बिलं करायचे आणि मागून आईचा आवाज यायचा, "डावा साडेसात, उजवा सहा, कंबर आठ." अठ्ठेचाळीस सकाळी यायचा. मला वाटायचं, कुणा गिऱ्हाइकाचं माप चाललंय. एकदा मी वळून म्हटलंही होतं, "कोण गं हे वाकडं?" आई म्हणाली होती, "आहे एक." आणि तू वही मिटली होतीस. माझी आई माझ्या पाठीशी बसून रोज सांगत होती आणि मी बेरजा करत होते.

अठ्ठावीसला सकाळी माझा डावा सात होता. तुझं पत्र तेव्हा अजून वाटेत होतं.

तुझ्या शेवटच्या वाक्यावर मी दोन दिवस रडले. तुला सांगायला मी होते. दहा हातांवर होते. तू बसलीस त्या स्टुलापासून काउंटर दहा हात आहे, मी मोजलं.

आता आजचं सांगते.

लेक दहालाच खाली आली. तो राखाडी कोट अजून हँगरवर आहे. मला तो फक्त त्या एका दिवशी बसला. दुसऱ्या दिवसापासून कधी डावीकडे रुतायचा, कधी उजवीकडे लोंबायचा. पहिल्या पानाचा कोट पहिल्याच पानाला बसतो, हे मला उशिरा समजलं. लेकीने तो सहज अंगात घातला, माझी नक्कल करायला, आणि हात वर करून आरशासमोर गेली. मग तिचे हात खाली आले.

ताई, कुठेच ओढ नव्हती. चुणी नव्हती. पोर माझ्यापेक्षा वीतभर उंच, अंगाने निम्मी. तिच्या अंगावर तो कोट तिथेच वाढल्यासारखा उभा होता.

"आई," ती आरशातून म्हणाली, "रागावू नकोस. मी आळशी नाहीये गं. तो ताप गेल्यापासून मला..." आणि तिथे थांबली. माझ्या जिभेवर ते वाक्य आलं होतं. तेच, तुला म्हटलेलं, अक्षरन् अक्षर. त्याची चव मला कळली. सहा महिने मी रोज त्याचेच तुकडे हिला देत होते.

मी तोंड मिटलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "डावा साडेसात, उजवा सहा." आणि मग घाबरून वळली. "हे मी काय बोलतेय?"

वही काकांच्या पेटीत होती, कुलूप लावलेलं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती, सकाळी शाळेत असायची. तिने ते कुठे ऐकलं, मला ठाऊक नाही. काकांनाही ठाऊक नाही. ते उठून दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

वाटलं, ओरडावं, तो कोट फाडावा. पण तू लिहिलं होतंस, सांगून झालं की आईला झोप लागायची. म्हणून मी नवी वही काढली. आजची तारीख घातली. दुखण्याच्या पानावर गिऱ्हाइकाच्या नावाची जागा या घरात पहिल्यांदा कुणी कोरी सोडली नाही, मी तिथे माझ्या लेकीचं नाव लिहिलं. डावा साडेसात. उजवा सहा.

ती स्टुलावर बसली. तुझ्याच. म्हणाली, "तुला खरं वाटतं?"

"वाटतं," मी म्हटलं. "कंबर?"

"आठ." तिचे डोळे भरले होते. "आई, खूप दिवस झालेत गं."

"माहीत आहे," मी म्हटलं आणि पान तिच्याकडे वळवलं, म्हणजे मी काय लिहितेय ते तिला दिसावं. "आणि मान?"

बटण